पुसलेली वही

मलकापूरच्या आमच्या वर्गासाठी मी संगणकावर पाढ्यांचा खेळ केला. केलेला प्रत्येक बदल 'गिट' नोंदवून ठेवी. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली ते बनवलं. भलतंच चोख!

एकदा चुकून त्यात मुलांच्या घरचे फोन नंबर गेले. यादी लगेच काढली, पण जुन्या नोंदीत ती तश्शीच! मग मागचा इतिहास नसलेली 'ऑर्फन' शाखा काढली, आजचा खेळ तिच्यात ठेवला, जुनी शाखा पुसली आणि नवी तिच्या जागी जबरदस्तीनं चढवली. तोवर कुणी प्रत उतरवली असेल तर? पालकांना बोलावून खरं सांगितलं. जीव खालीवर झाला होता.

खेळातला १७ चा पाढा चुकलेला. तो चौथीतल्या पोरीनं दुरुस्त केला होता.

"सर, माझी दुरुस्ती पण गेली?"

खेळात आहे, नोंदीत नाही.