चांदण्यातील मांगी-तुंगी

तीर्थक्षेत्री संध्याकाळ लवकर होते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकलेले असते, आरती झालेली असते आणि धर्मशाळेच्या ओसरीवर बसल्यावर समोर लांबलचक रात्र पसरलेली असते. नाशिकहून सटाणा-ताहाराबाद मार्गे सुमारे सव्वाशे किलोमीटर प्रवास करून आम्ही पिता-पुत्र मांगी-तुंगीच्या पायथ्याशी, भिलवाडला पोहोचलो, तेव्हा मार्गशीर्ष पौर्णिमेला एक दिवस उरला होता. कार्तिकातील अष्टाह्निका पर्वाची गडबड सरली होती. हवेत गारवा होता आणि पावसाने धुतलेले आकाश अजून स्वच्छ होते.

सेलबारी-डोलबारीच्या रांगेतील ही दोन शिखरे आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नकोत. मांगी 4,343 फूट आणि तुंगी 4,366 फूट. मध्ये अरुंद कणा. श्रीराम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून हे सिद्धक्षेत्र. 2016 साली येथे भगवान ऋषभदेवांच्या अखंड पाषाणातील 108 फुटी प्रतिमेची प्रतिष्ठापना झाली आणि क्षेत्राचे नाव देशोदेशी गेले. परंतु आप्पांच्या मनातील मांगी-तुंगी त्याआधीची. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या त्यांनी तरुणपणी आईसह चार वेळा चढल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत आणि डोळ्यांनाही सांज झाली की लांबचे दिसत नाही. डोलीत बसून वर जाण्यास त्यांचे मन तयार नव्हते. “चौघांच्या खांद्यावर शेवटी जायचेच आहे, त्याची घाई कशाला?” असे म्हणून त्यांनी तो विषय हसण्यावारी नेला. पायथ्याशी दोन रात्री राहावे, दर्शन खालूनच घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुकानाच्या व्यापातून उरणाऱ्या वेळात मला छायाचित्रणाचा छंद आहे. दिवसा काढलेली या डोंगराची चित्रे पुष्कळ पाहिली होती. चांदण्यात, दीर्घकाळ प्रकाश टिपत ठेवून, तो कसा दिसेल हे पाहावयाचे होते.

या प्रकारातील हिशेब आपल्या लोकांना सहज कळेल असा आहे. पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाखावा हिस्सा असते. उन्हात एफ 11 छिद्र आणि आयएसओ 100 ठेवले, तर सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. तेवढाच प्रकाश चांदण्यात जमवावयाचा तर 2,000 सेकंद, म्हणजे सुमारे 33 मिनिटे लागतील. मग भिंगाचे छिद्र एफ 4 पर्यंत मोठे करावयाचे, आयएसओ 400 वर न्यावयाचा, की तेच काम मिनिटभरात होते. चंद्र खाली असेल, हवेत धुरकटपणा असेल, तर दोन मिनिटे धरावीत. अष्टमीच्या अर्ध्या चंद्रावर मात्र विसंबू नये. तो अर्धा दिसतो, पण त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो.

पहिल्या रात्री माझे सर्वच चुकले. चंद्र आणि शिखरे एकाच चौकटीत घेण्याचा मोह आवरला नाही. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. त्यामुळे चित्रात चंद्राऐवजी लांबट पांढरा डाग उमटला आणि त्याच्या झळाळीत शिखर फिके पडले. तिकाटणे मोकळ्या बांधावर उभे केले होते. वाऱ्याने ते हलले आणि कड्याच्या रेषा पुसट झाल्या. शेवटी पुढच्या बोरीच्या झाडाला उठाव यावा म्हणून मी मोठी विजेरी लावली.

क्षणार्धात त्या झोताभोवती पाखरे जमली. काही तापलेल्या काचेवर आपटून खाली पडू लागली. मागे सतरंजीवर बसलेले आप्पा एवढेच म्हणाले, “अरे, चंद्राने एवढे दिले आहे, ते पुरत नाही का?”

मी विजेरी विझवली. त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. सूर्यास्तानंतर जेवू नये, दिवा उघडा ठेवू नये, पाणी गाळून घ्यावे, हे सर्व मी लहानपणापासून पाळत आलो होतो. आणि ज्या डोंगराच्या पायाशी बसून ते आठवावयाचे, तेथेच एका झाडाच्या शोभेसाठी मी ते विसरलो होतो.

अंधारात आम्ही तसेच बसून राहिलो. डोळे काळोखाला पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि विजेरीची एक तिरीप ती सारी कमाई घालवते. अर्ध्या तासाने मला बांध, पायवाट, बोरीची पाने, सर्व स्वच्छ दिसू लागले. विजेरीची गरज मुळात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणजे जवळजवळ एका मुहूर्ताने. पौर्णिमेला मात्र त्याचा उदय सूर्यास्ताच्या वेळीच होतो, म्हणून सुरुवातीला घाई करून उपयोग नसतो. तो थोडा वर येऊ द्यावा. प्रकाश तिरपा असतो तोवर कड्यांच्या घड्या, कपारी, पायऱ्यांची वळणे उठून दिसतात. मार्गशीर्षातील चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो आणि मग दगड सपाट वाटू लागतो. या वेळी मी तिकाटणे भिंतीच्या आडोशाला ठेवले, त्याच्या मध्यभागी पिशवी टांगून वजन दिले. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप केंद्र सापडत नाही, म्हणून आधी चंद्रावरच केंद्र साधून घेतले, मग ते हाताने कायम करून कॅमेरा शिखरांकडे वळवला. चंद्र चौकटीबाहेर ठेवला.

आप्पा शेजारीच सामायिकाला बसले होते. त्यांची अठ्ठेचाळीस मिनिटे आणि माझी दोन-दोन मिनिटांची चित्रे एकाच शांततेत चालली होती. दोन्हीकडे करण्यासारखे काही नव्हते; न हलता थांबावयाचे होते.

पडद्यावर पहिले चित्र उमटले तेव्हा ते रात्रीचे वाटेना. आकाश निळे होते, उतारावरचे वाळलेले गवत पिवळसर होते, कातळ तपकिरी होता. यात चमत्कार नाही. चांदणे म्हणजे चंद्राच्या मातीवरून परतलेले ऊनच. हवा त्यातला निळा प्रकाश दिवसासारखाच विखुरते. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत, म्हणून आपल्याला सारे राखाडी भासते. डोळा क्षणाचा प्रकाश क्षणात खर्चून टाकतो. कॅमेरा तो साठवतो. थेंबे थेंबे तळे साचावे तसे रंग साचतात. आकाशात मात्र एक खूण राहते: पृथ्वी फिरत असल्याने प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी बारीक रेघ होऊन येतो.

सामायिक संपल्यावर आप्पा उठले आणि पाय मोकळे करण्यासाठी कॅमेऱ्यासमोरूनच हळूहळू पलीकडे गेले. झडप उघडी होती. मी त्यांना थांबवले नाही. चित्र आले, त्यात बांध होता, बोरीचे झाड होते, दोन्ही शिखरे होती, आप्पा नव्हते. चालत्या माणसाचा प्रकाश एका जागी पुरेसा जमत नाही. मी त्यांना तसे सांगितले, तर ते प्रसन्नपणे म्हणाले, “बरोबरच आहे. जो थांबतो, तो उमटतो. आम्ही चालणारे.”

मग मी चित्र पडद्यावर मोठे करून त्यांच्या डोळ्यांजवळ धरले. समोरचा खरा डोंगर त्यांना धूसर छायेपलीकडे दिसत नव्हता. चित्रात त्यांना मांगीची सरळ भिंत दिसली, दोन शिखरांमधला कणा दिसला. बोटाने ते वाट शोधीत गेले. एका वळणाशी बोट थांबले. “येथे तुझी आई बसली होती. पुढे येत नाही म्हणाली, आणि मग माझ्या आधी तुंगीवर पोहोचली.” तुंगीवर भगवान चंद्रप्रभूंच्या नावाची गुहा आहे. त्यांचे लांछन चंद्र. तिथवर बोट नेऊन त्यांनी कॅमेरा माझ्या हाती दिला आणि हात जोडले. चित्राला नव्हे, त्यांना न दिसणाऱ्या त्या शिखरांना.

ज्यांना हा प्रयत्न करावयाचा असेल त्यांनी वर्षाऋतूनंतरची पौर्णिमा निवडावी, क्षेत्राच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, मंदिरे आणि गुहांतील प्रतिमांकडे कॅमेरा वळवू नये. रात्री एकट्याने डोंगरावर जाऊ नये. पायथ्यावरून पुरेसे दिसते. नव्या मोबाईलमध्येही रात्रीची सोय असते. तो टेकवून स्थिर ठेवला, तर अनेक क्षणचित्रे एकत्र करून तो बरेच काही दाखवतो. आणि विजेरी खिशातच राहू द्यावी, वाट पाहण्यापुरती.

परतल्यावर ते चित्र मोठे करून दुकानात गादीमागे लावावे असे माझ्या मनात होते. आप्पांनी ते घरी, आपल्या खोलीत लावावयास सांगितले. त्यांनी निवडले तेही माणूस नसलेलेच चित्र. त्यांच्या पलंगासमोर ते आहे. सकाळी णमोकार म्हणताना त्यांची दृष्टी त्या वळणाकडे जाते, हे मला आता ठाऊक आहे.