दोन पायांची

मासे पकडायच्या रिळात कडीच्या स्प्रिंगइतकं हट्टी कुणी नाही. कडी उघडी असली तर उघडीच ठेवणार, मिटली असली तर मिटलेलीच. मधे थांब म्हटलं तर तिला जमत नाही. कडी बोटाने अर्ध्यावर धरा आणि सोडा, खटकन इकडे तरी जाईल नाहीतर तिकडे. दोन्ही पक्षांशी निष्ठा ठेवूनही दलबदलू म्हणवून न घेणं आपल्याकडे फारशा कुणाला साधलेलं नाही. हिला ते चार वेढे आणि दोन पाय एवढ्या भांडवलावर साधतं. सगळी मिळून करंगळीच्या नखावर मावते.

ज्यांनी असलं रीळ हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रिळाच्या तोंडाशी तारेची अर्धगोल कडी असते. गळ फेकायच्या आधी ती उघडायची, म्हणजे तंगूस मोकळा सुटतो. गळ पाण्यात पडला की हँडल फिरवायचं. आतला एक उंचवटा कडीच्या पट्टीला ढुशी देतो, कडी मिटते आणि तंगूस गुंडाळायला लागतो. ही ढुशी कडीला फक्त मध्यरेषेपलीकडे ढकलते, पुढचा सगळा प्रवास स्प्रिंगचा. तिचा एक पाय फिरत्या रोटरच्या भोकात रोवलेला, दुसरा कडीच्या पट्टीत अडकवलेला. कडी हलली की पाय जवळ येतात, मध्यावर सगळ्यात जवळ, आणि मध्य ओलांडला की पुन्हा फाकतात. फाकताना कडीला घेऊनच जातात. घराघरांतली ती जुनी काळी विजेची बटणं याच युक्तीवर चालायची.

आमच्या भागात पाण्याची कमतरता उन्हाळ्यात, एरवी नाही. शिरूरला घोडनदी. जुनी माणसं अजून गावालाच घोडनदी म्हणतात. चिंचणीला घोड धरण, दौंडला भीमा, आणि खाली उजनीचा फुगवटा. जाळं भोयांचं, तो त्यांचा पिढीजात धंदा. रीळ हौशी मंडळींचं. कुणी शिक्षक, कुणी रेल्वेतला, कुणी रांजणगाव एमआयडीसीतला, सुट्टी मिळाली की बंधाऱ्यावर. कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ, आणि मिळाली तर चिलापी. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि येताना पुण्याचं सांडपाणी घेऊन येते. त्या पाण्यावर जलपर्णी पोसते. गळ तिच्यात अडकला की माणूस काठी कमानीसारखी वाकवून ओढत बसतो. त्यापेक्षा मासा परवडला, तो कधीतरी दमतो.

पण स्प्रिंग मरते ती या ओढाओढीने नव्हे, रोजच्या उठाबशांनी. एका सकाळी शंभर वेळा गळ फेकला तर कडी दोनशे वेळा पलटते. ती तुटते जवळजवळ नेहमी घोट्यात, म्हणजे वेढे संपून पाय जिथे काटकोनात वळतो तिथे. कारखान्यात ते वळण देताना तारेवर हत्याराचा बारीक ओरखडा उठलेला असतो. त्यात नदीचं पाणी शिरतं, गंज धरतो आणि तिथूनच चीर सुरू होते. तुटलेलं टोक भिंगाखाली धरा. अर्धा भाग काळपट आणि गुळगुळीत दिसेल, तो जुन्या चिरेचा. उरलेला भाग खरबरीत आणि चकचकीत, तो आज सकाळचा. मालक सांगतो, "काका, काल रात्रीपर्यंत एकदम ओके होतं!" बाई कित्येक महिने अर्ध्या घोट्यावर उभी होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

नवी आणायची म्हटलं तर आणायची कुठून? शिमानो, दाइवा, पेन असल्या मोठ्या कंपन्या रिळाचा उकललेला नकाशा काढतात, त्यात प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. आमच्याकडे येणारी बहुतेक रिळं त्या घराण्यातली नसतात. आत तोच माल आणि खोक्यावर दर वर्षी नवं नाव. त्यांना सुटा भाग म्हणजे दुसरं रीळ. मग जोडीदार शोधायची आजूबाजूला.

बॉलपेनमधली सगळ्यांना आधी आठवते. ती दाबण्याच्या कामाची, तिला पायच नाहीत. तिचे तीन-चार वेढे कापून घेतले तर ड्रॅगच्या बटणाखाली टिकटिक वाजवायला छान चालतात, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची रूपाने अगदी सख्खी बहीण दिसते, दोन पाय, मधे वेढे. पण तार जाड. तिने मिटवलेली कडी बोटावर बसली की माणूस पुन्हा चिमट्याचं नाव काढत नाही. शिलाई मशीनच्या दोऱ्याची चकती सांभाळणारी स्प्रिंग फार नाजूक. उंदराच्या चापाची तर सांगूच नका.

नदीकाठी अडलेल्याला खरा आधार सेफ्टी पिनेचा. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. तिचं मर्म टोकाच्या झाकणात नाही, मागच्या एका वेढ्यात आहे. तो वेढा आणि त्याचे दोन पाय म्हणजे आमच्या बाईचीच धाकटी आवृत्ती. आपल्याकडच्या बायकांच्या बांगडीत एखादी पिन अडकवलेली असतेच. पदराची मोठी पिन घ्यायची, झाकण कापून टाकायचं, पाय हव्या त्या लांबीचे करून टोकं वळवायची. कडी खटकन पलटते. मात्र वेढा एकच, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर. चार वेढ्यांनी वाटून घ्यायचं ओझं तो एकटा किती दिवस वाहणार? रविवार निभतो, पुढचं पुढे.

मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती पेटीतली. भजनी मंडळाची जुनी हार्मोनियम भंगारात निघाली तर आधी तिच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा काढून घ्याव्यात. एकेका अभंगाला किती वेळा ती पट्टी दाबून उचलली गेली असेल, आणि तरी सुरावर परत येत राहिली! उठाबशा सोसायचा हा गुण चांगल्या पोलादी तारेत तिच्या जन्मापासून असतो. असली तार भट्टीत पाणी देऊन कडक केलेली नसते. सोनार जंतरातून ओढतो तशी ती लहान लहान भोकांतून थंडच ओढत नेतात, आणि त्या ओढण्यातच तिचा कस येतो. त्यामुळे स्प्रिंग वळत नाही म्हणून कुणी ती गॅसवर लाल केली की संपलं. सुरेख वळते, आणि वळलेलीच राहते.

तयार मिळाली नाही तर घडवावी लागते. पुण्याच्या हार्डवेअर पेठेत म्युझिक वायर मिळते, दमडीच्या स्प्रिंगसाठी वेटोळं मात्र अख्खं घ्यावं लागतं. आधी तुटलेलीची तार मोजायची, आणि इथे आळस करायचा नाही. ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ०.७ मिलिमीटरच्या जागी ०.८ ची तार लावली तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण बाई जवळजवळ पावणेदोनपट कडक होते. तसं झालं तर एक वेढा वाढवावा. चाराचे पाच केले की कडकपणा पाचव्या हिश्शाने उतरतो. ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा शेगड्यात धरायचा आणि तार ताणून त्याच्यावर वेढे घालायचे. हात सोडला की ती उसळते, वेढा अर्धाएक मिलिमीटरने फुगतो. म्हणून दांडा आधीच बारीक निवडायचा.

डावी-उजवी जपायला हवी. पाय जवळ आल्यावर वेढे आवळले जावेत असाच पीळ हवा. उलट्या पिळाची लावली तर दिसायला अगदी तीच, पण दाब आला की वेढे उलगडायला बघतात, आणि थोड्याच दिवसांत ती सैल पडते. पायाचं वळण देताना पक्कडीच्या जबड्याला कापडाची पट्टी गुंडाळायची, नाहीतर घोट्यातला तो जुना रोग आपणच नवीला लावून देतो. शेवटी तव्यावर वाळू तापवून तीत तिला अर्धा तास पुरायची. तार फिकट पिवळी दिसली की बाहेर. एवढ्याने वळवताना अंगात बसलेला ताण उतरतो आणि ती घेतलेला आकार सोडत नाही.

परीक्षा अंगणात घ्यायची. फार कडक असली तर हँडलच्या ढुशीला कडी दाद देत नाही, हँडलच अडतं. फार मऊ असली तर त्याहून वाईट. काठी जोरात पुढे मारली की त्या हिसक्याने कडी आपली आपण मिटते, तंगूस हवेतच अडतो आणि गळ-शिशासकट तुटून भीमेत जातो. म्हणून रिकामी काठी सपासप मारून बघायची. कडी उघडीच राहिली पाहिजे, आणि मग हँडलच्या पहिल्या फेऱ्यात मिटलीही पाहिजे. या दोन्हीच्या मधली जागा फार अरुंद असते.

दौंडच्या यार्डात मालगाडीच्या बोगीखाली तिच्या कुळातल्या थोरल्या बघायला मिळतात, मनगटाशी स्पर्धा करणाऱ्या सळईच्या. त्या दबतात तेव्हा सळई पिळवटते. आमची पाय जवळ घेते तेव्हा तार नुसती वाकते. पण जितका भार तितकं सरकायचं, हा रॉबर्ट हुकचा नियम दोघींना सारखाच लागू. हुकने तो १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवला आणि १६७८ मध्ये उघड केला. शोध आपला आहे हे सिद्ध करता यावं, पण तोवर दुसऱ्याला कळू नये, असा बेत. आमच्याकडचे काही मिस्त्री आजही तारेचा गेज असाच लपवतात.

अडचण येते ती मोलाची. पन्नास रुपये सांगितले तर गिऱ्हाईक म्हणतं, "तारेचा तुकडा तर आहे काका." तीनशे सांगितले तर नवं रीळच घेतो म्हणतं. तेव्हा आता व्यवहार ठरलेला आहे. तारेचे पैसे रोख आणि मजुरीची चिलापी, खवले काढून, साफ करून.