मंडपातली सिंगल कट

वाशीमसारख्या गावात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस बहुधा ऑर्केस्ट्रात असतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, भाद्रपदात गणपती, मधल्या काळात लग्नं आणि हळदी. मीही त्यातलाच. जुनी गिटार स्ट्रॅट पद्धतीची, दोन्ही बाजूंनी शिंगं असलेली, बारीक आवाजाची. ‘कर्ज’मधला गिटारचा तुकडा तिच्यावर झकास वाजायचा, आणि त्याची फर्माईश आजही येते. पण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड एकदम सुरू झाले की ती कुठल्या कुठे बुडून जायची. त्याहून वाईट म्हणजे तिची गुणगुण. निवेदक बोलायला उभा राहिला, सगळे गप्प झाले, की माझा ॲम्प एकटाच घूंऽऽ करत राहायचा.

कारण साधं आहे. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असतं. ते गिटारच्या तारेची थरथर पकडतं, तशीच विजेची 50 हर्ट्झची घरघरही पकडतं. मंडपात अर्थिंग नावालाच, बाजूला जनरेटर, डिमरवर चालणारी लायटिंग. म्हणजे पकडायला भरपूर. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 साली यावर तोड काढली. दोन वेटोळी शेजारी बसवायची, पण उलटसुलट. दोन्हींतली घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. हाच हंबकर. 1952 पासून बाजारात असलेल्या गिब्सनच्याच लेस पॉल गिटारवर तो 1957 साली चढला. जाड, भरीव आवाज आणि गुणगुण नाही. खालच्या एकाच बाजूने कापलेल्या, म्हणजे सिंगल कट, त्या गिटारचा नाद लोकांना रॉक गिटारवादक जिमी पेजचे फोटो पाहून लागतो. मला लागला तो जनरेटरमुळे.

किंमत पाहिली तर खरी लेस पॉल तीन लाखांच्या घरात. तेवढ्यात आमच्याकडे जुना ट्रॅक्टर येतो. कीबोर्डवाल्या भाऊंना सांगितलं तर म्हणाले, “तीन लाखाची गिटार घेऊन छोट्या हत्तीत मांगं बसशीन का मंग?” बोलणं खोचक होतं, पण मुद्द्याचं. लेस पॉलचं डोकं मागे 17 अंशांत कललेलं असतं आणि नेमकं त्याच ठिकाणी लाकूड पोखरून, मान सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडचा नट बसवलेला असतो. आडवी पडली की तिथेच मोडते, हे जगजाहीर आहे. मालेगाव-रिसोडच्या रस्त्यांवर रात्री दोनला साउंडच्या पेट्यांमध्ये तिला सांभाळत बसणं माझ्याच्याने झालं नसतं.

मग स्वस्तातल्या शोधल्या. सगळ्यात जवळची एपिफोन. ही कंपनी गिब्सननेच 1957 मध्ये विकत घेतली, आता तिच्या बहुतेक लेस पॉल चीनमध्ये बनतात. पण चांगल्या मॉडेलला 60-70 हजार. पीआरएस कंपनीची एसई मालिका याच धाटणीची. पीआरएसच्या सिंगल कटवर गिब्सनने आकाराच्या हक्कावरून दावा लावला होता आणि 2005 साली अमेरिकेतल्या अपील कोर्टात गिब्सन हरली. बहुतेक एसई गिटारी इंडोनेशियात कॉर्ट कंपनीच्या कारखान्यात बनतात. कॉर्ट स्वतःच्या नावानेही सिंगल कट विकते, आणि ती बरीच कमी दरात मिळते. नावाचे पैसे कुठे जातात ते इथे दिसतं. खरं तर स्वस्त पर्याय गिब्सननेही काढला होता. 1954 ची लेस पॉल ज्युनियर, सपाट महोगनीची फळी आणि एकच पिकअप, शिकणाऱ्यांसाठी. पुढे तीच मोठमोठ्या रॉकवाल्यांनी वाजवली.

मी घेतली ती 18 हजारांची, चिनी बनावटीची. नाव लिहीत नाही, कारण आता तिच्या गाऱ्हाण्यांकडे वळतो. कुरियरने आली तेव्हा नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच होत्या, त्यामुळे पहिल्या दोन फ्रेटवर सूर चढायचा. जी तार खाचेत अडकून कच्ची व्हायची. तिथे पेन्सिलीचं शिसं घासलं की सुटते. मे महिन्यात पारा 44 ला गेला आणि फ्रेटची टोकं हाताला टोचू लागली. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातू तसाच राहतो. बोर्डाला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने ती टोकं घासली. मूळ पिकअपचा आवाज कर्कश होता म्हणून अल्निको चुंबकाचे हंबकर मागवले. ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने जोडून दिले. सोल्डरिंग इतकं साफ की नागपूरचा एक गिटारवाला बघत राहिला. सगळं धरून 25 हजारांच्या आत बसलं.

खरी लेस पॉल मी नागपूरला एका वादकाच्या घरी वाजवून पाहिली आहे. बंद खोलीत फरक कळतो. सूर जास्त वेळ टिकतो, मान हातात लोण्यासारखी फिरते. पुन्हा विकायला गेलं तर पैसेही बरे येतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून वाजवताना तो फरक मला स्वतःलाही ऐकू येत नाही. माझ्या गिटारची मान चिकटवलेली नाही, बोल्टने बसवलेली आहे. जाणकार याला उणेपणा मानतात. मला तो गुण वाटतो, कारण मोडली तर चार स्क्रू काढून दुसरी मान लावता येते आणि त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

कारंजा, मानोरा, मंगरुळपीरकडची जी पोरं आता हात बसवत आहेत, त्यांनी हातातले सगळे पैसे गिटारीवरच घालू नयेत. पाच-सात हजार सेटअप आणि पिकअपसाठी बाजूला ठेवावेत. आणि स्टेजवर चढण्याआधी साउंडवाल्या दादाला अर्थिंग तपासायला लावावं. गिटारच्या तारा वायरिंगच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग खराब असेल तर माइकला ओठ लागताच झटका बसतो, आणि त्यातून कुठलाही हंबकर वाचवत नाही.