दहा-त्रेचाळीसचा जोड

माझ्या ॲम्बॅसिडरचं इंजिन पाचव्या गिअरमध्ये, ताशी १०० किलोमीटरला, मिनिटाला सुमारे ३,४०० फेरे घ्यायचं. बंगळुरूच्या इंदिरानगरात हे कधी जाणवलं नाही. बिन्नमंगलातून निघायचं, सीएमएच रोड, मग शंभर फुटी रस्ता, तिथून डोमलूरचा उड्डाणपूल. एवढ्यात तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच येत नाही. सिग्नल सुटला की गाडी अशी उसळायची की बाजूचे वळून बघत. पण दिवाळीला पुण्याला निघालो की तुमकुरूच्या पुढे रस्ता मोकळा होतो, आणि चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव असा दिवसभर तो आवाज कानात. पाच गिअर असूनही हात सहावा शोधायचा.

गाडी मूळची १,४८९ सीसीची. याच इंजिनाची एक आवृत्ती इंग्लंडात १९५५ साली आलेल्या एमजीए या छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये होती, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नव्वदीच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बॅसिडरमध्ये इसुझूचं १,८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा डबा द्यायला सुरुवात केली. माझ्या गाडीत ते इंजिन आधीच्या मालकाने नंतर बसवलेलं, आरसी बुकात नंबर चढवून. मी हेडचं काम करून घेतलं, एक्झॉस्ट मोकळा केला. ताकद आली. मागचा एक्सल मात्र जुन्या, अशक्त इंजिनासाठी बसवलेला होता तोच राहिला.

एक्सलचं गुणोत्तर म्हणजे प्रोपेलर शाफ्टने किती फेरे घेतले की मागची चाकं एक फेरा घेतात, तो आकडा. आत दोन दातेरी चाकं: मोठा क्राऊन, छोटा पिनियन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागायचं. आकडा मोठा असेल तर चाकाला जोर जास्त मिळतो, पण तोच वेग ठेवायला इंजिनाला जास्त पळावं लागतं. अशक्त इंजिनाला मोठा आकडा लागतोच, नाहीतर ते चढावर मान टाकतं.

कागदपत्रांवर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून मोजलं. एकच मागचं चाक जॅकवर उचललं असेल तर ते चाक दोन पूर्ण फेरे फिरवावं लागतं, कारण दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असताना डिफरन्शियल क्राऊनच्या एका फेऱ्याचे उचललेल्या चाकाला दोन फेरे देतं. शाफ्टवर खडूची खूण केली आणि फेरे मोजले: साडेचाराच्या किंचित वर. म्हणजे नऊ-एक्केचाळीस दातांचा जोड, ४.५५. मग टायरवर आणि फरशीवर खूण करून गाडी ढकलली. एका फेऱ्यात १.९० मीटर. मी १५ इंची रिमवर १८५/६५ चे रेडियल घातलेत, त्यांचा घेर जुन्या उंच टायरांपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी आहे. नुसते टायर बदलले तरी एक्सल बदलल्यासारखंच होतं, आणि हे कुठलाही टायरवाला सांगत नाही.

आता हिशोब सरळ होता. ताशी १०० म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर, म्हणजे चाकाचे ८७७ फेरे. ४.५५ ने चौथ्या, थेट गिअरमध्ये इंजिन ४,००० ला, पाचव्यात ३,४०० ला. या घराण्याच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये आणखी दोन जोड सर्रास भेटतात: एमजीएचा ४.३ (दहा-त्रेचाळीस) आणि नंतरच्या एमजीबीचा ३.९ (अकरा-त्रेचाळीस). ४.३ ने पाचव्यात ३,२००, ३.९ ने २,९००. अमेरिकेत लोक मस्टँगसाठी ३.५५, ३.७३ की ४.१० यावर रात्र-रात्र वाद घालतात. तिथे सगळे आकडे दुकानात डब्यात मिळतात. आपल्याकडे जो मिळेल तो.

दोस्तमंडळींचा कौल ३.९ ला होता. महामार्गावर इंजिन शांत, पेट्रोल कमी, शिवाय कमाल वेग वाढणार. मला तो कमाल वेग नकोच होता. ड्रमचे ब्रेक आणि मागे लीफ स्प्रिंग असलेली गाडी १५० ला नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. माझ्या दृष्टीने वेगवान गाडी ती, जी तुम्ही रोज चालवता त्या रस्त्यावर पाय दाबताच उत्तर देते. आणि माझं इंजिन उत्तर देतं २,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या मध्ये. त्याच्या खाली ते नुसतं ऐकून घेतं.

म्हणून मी कमाल वेगाचा हिशोब सोडून घाटाचा केला. पुण्याहून परतताना आधी खंबाटकी, मग निपाणी सोडली की तवंदी. चढावर ट्रकांच्या मागून सुटून ताशी ८० ला पाचव्यात आलो, तर ३.९ ने इंजिन २,३०० च्या आसपास, म्हणजे झोपेत. लगेच चौथा टाकावा लागणार. ४.३ ने तेच २,५६५. जेमतेम, पण जागं. शहरातही तेच: ४.५५ वरून ३.९ ला गेलो तर प्रत्येक गिअरमधली ओढ चौदा टक्क्यांनी घटते, ४.३ ला गेलो तर साडेपाच टक्क्यांनी. शंभर फुटी रस्त्यावरची दुसऱ्या गिअरमधली ती उसळी मला घालवायची नव्हती, कारण वर्षातले बहुतेक दिवस गाडी तिथेच असते.

जोड शोधायला जेसी रोड पालथा घातला, मग शिवाजीनगरची गुजरी, म्हणजे भंगारबाजार. पुण्याला गेलो तेव्हा नाना पेठेतही विचारून आलो. अखेर गुजरीतच एका दुकानात, तेलकट गोणपाटात, दहा-त्रेचाळीस सापडला. क्राऊन आणि पिनियन दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरलेला होता. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही कारखान्यातच एकमेकांवर घासून बसवलेले असतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घेतला तर तो आयुष्यभर रडतो. आणखी एक गंमत मला आवडते: ९ आणि ४१, १० आणि ४३ यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. कुणीतरी ड्रॉइंग बोर्डावर बसून एवढा विचार केला होता.

बसवण्याचं काम जुन्या गाड्यांवर आयुष्य घालवलेल्या एका मिस्त्रींनी केलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. अर्धे शाफ्ट बाहेर ओढले, की हाउसिंगच्या पुढून अख्खं डिफरन्शियल कॅरियरसकट निघतं. खरं काम त्यानंतरचं. पिनियनखाली शिम घालायची, क्राऊनच्या दातांना रंग लावायचा, हाताने फिरवायचं, ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाला गेला तर पिनियन आत किंवा बाहेर, पुन्हा सगळं उघडायचं. दातांमधला प्ले चाचांनी आधी बोटांनी अजमावला, मग डायल गेजने मोजला, आणि दोन्ही उत्तरं जुळली. मी घाई करेन असं त्यांना वाटलं असावं. "नक्को साब, ये काम में जल्दी नक्को," एवढंच म्हणाले. मला घाई नव्हती. त्या हातांचं काम बघत स्टुलावर बसून राहणं मला हवंच होतं.

हायपॉइड दात एकमेकांवरून नुसते लोळत नाहीत, घसरतातही, म्हणून त्यांना साधं तेल चालत नाही. ९० नंबरचं ईपी तेल भरलं. पहिले काही शे किलोमीटर हलक्या पायाने, मग तेल बदललं आणि नंदीच्या रस्त्याने निघालो. आवाज नाही, ना ओढताना, ना पाय सोडल्यावर. देवनहळ्ळीच्या मोकळ्या रस्त्यावर काटा ३,२०० ला स्थिर, आणि नंदीच्या वळणांवर तिसऱ्यात तीच जुनी तयारी. फरक आकड्यांत छोटा आहे. पण पुढे पुण्याहून परतताना संध्याकाळी बेळगावात उतरलो तेव्हा डोकं दुखत नव्हतं, आणि तवंदीला पाचवा सोडावा लागला नाही.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते, एक्सल बदलला हे तिला कळत नाही. ती आता पूर्वीपेक्षा साडेपाच टक्के कमी दाखवते. जीपीएसशी ताडून मी काचेवर बारीक खुणा केल्यात. पुढे तिचा छोटा गिअर बदलून घेईन. जुना नऊ-एक्केचाळीसचा जोड तेल लावून, एकत्र बांधून वाईला पाठवलाय. तिथे मावसभावाची ॲम्बॅसिडर आहे, अजून १,४८९ च्या इंजिनाची, पिनियन झिजलेली. तिला पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं असतं, त्यामुळे तिला तोच जोड योग्य.