सात नंबरांचा कागद

२५ ऑगस्ट २०१७, शुक्रवार, गणेश चतुर्थी. ह्यूस्टनच्या आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. सकाळी लवकर स्थापना केली. एकवीस मोदक करायचे ठरवले होते, अकराच धड जमले. आरती झाली, प्रसाद वाटला आणि दुपारी दोनला पाठीवर स्लीपिंग बॅग अडकवून मी कामावर निघाले. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने विचारलं, "आई, उद्या विसर्जनाला येशील ना?" मी म्हटलं, "बघू." त्याच रात्री हार्वी हे चक्रीवादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकलं. मी घरी परतले ती पाच दिवसांनी.

मी मूळची बडोद्याची. समा भागात वाढले, सयाजीराव विद्यापीठात शिकले आणि आता बरीच वर्षं ह्यूस्टन परिसरातल्या एका विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरी करते. बडोद्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "वादळ आलं की कॉलेजला सुट्टी देतात ना? मग तुला कसली ड्युटी?" मुलांना सुट्टी असते, सर्व्हरना नसते. वर्ग बंद झाले तरी हॉस्टेलमध्ये मुलं असतात आणि त्यांना सूचना पाठवाव्या लागतात. महिनाअखेरीला हजारो लोकांचे पगार व्हावे लागतात. प्रयोगशाळांमध्ये उणे ८० अंशांवर चालणारे फ्रीझर असतात. त्यातला एखादा बंद पडला तर त्याचा इशारा नेटवर्कवरूनच येतो.

इमारतीच बंद पडल्या की विद्यापीठाचं काय उरतं, ते २००५ साली न्यू ऑर्लीन्सच्या ट्यूलेन विद्यापीठाने पाहिलं. कतरिना वादळात ते पूर्ण सत्रभर बंद राहिलं, मुलं देशभरातल्या दुसऱ्या विद्यापीठांत गेली आणि वर्ग पुन्हा भरले ते थेट जानेवारी २००६ मध्ये. मधल्या काळात तिथले वरिष्ठ अधिकारी आमच्या ह्यूस्टनमधल्या हॉटेलातून कारभार बघत होते. वेबसाइट, ईमेल, पगार आणि विद्यार्थ्यांच्या गुणांच्या नोंदी एवढंच तेव्हा विद्यापीठ होतं.

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. आपला पावसाळाही साधारण त्याच सुमारास सुरू होतो, त्यामुळे मला ती तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. वादळाचं नाव टीव्हीवर झळकू लागलं की आमची उलटी मोजणी सुरू होते. पाच दिवस आधी कोण शहरात आहे आणि कोण नाही, ते बघायचं. तीन दिवस आधी बॅकअपची प्रत दुसऱ्या राज्यात पोचली का ते तपासायचं आणि जनरेटरच्या टाकीत डिझेल भरून घ्यायचं. पगाराची फाइल तारखेची वाट न बघता बँकेकडे पाठवून द्यायची. दोन दिवस आधी विद्यापीठाच्या वेबसाइटच्या जागी एक साधं पान चढवायचं. त्यावर ना फोटो, ना सजावट, फक्त सूचना. आणि तेही दूरच्या सर्व्हरवरून, म्हणजे आमची वीज गेली तरी ते दिसत राहावं. शेवटच्या दिवशी प्राध्यापकांना सांगायचं, की कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, प्लग काढा, वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. आणि मग दहाबारा जणांची तुकडी आत मुक्कामाला जाते. तिला इकडे 'राइड-आउट टीम' म्हणतात. वादळ डोक्यावरून जाईपर्यंत आतच राहायचं.

ही सगळी तयारी आम्ही चोख केली होती. हार्वी पुढे सरकला असता तर कदाचित तेवढी पुरलीही असती. पण तो किनाऱ्यावर येऊन रेंगाळला आणि चार दिवस नुसता कोसळत राहिला. टेक्ससमधल्या नेदरलँड नावाच्या गावी ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. आपल्या बडोद्यात अख्ख्या वर्षात पडतो, त्याहून खूप जास्त.

शनिवारी संध्याकाळी घरी बादलीत विसर्जन झालं. मी फोनवरूनच आरती म्हटली. मुलगा म्हणाला, "बाप्पाला बाहेर न्यायला नको, बाहेर आधीच पाणी आहे." तुकडीतले सगळे माझ्याकडे बघत होते, मी हसले. रविवारी पहाटे तीनच्या सुमाराला सर्व्हर रूमचा गजर वाजला.

पाणी आत शिरलं नव्हतं. वीज गेली होती, पण जनरेटर चालू होता. बंद पडला होता तो थंड पाण्याचा पंप. आमचे एसी त्याच पाण्यावर चालतात. सर्व्हरना वीज मिळत राहिली आणि थंडावा बंद झाला, तर ते स्वतःच्या उष्णतेनेच भाजतात. २२ अंशांवरून तापमान ३०वर गेलं, मग ३३. सर्व्हर एकेक करून बंद करायला हवे होते. कमी महत्त्वाचे आम्ही आदल्या दिवशीच बंद केले होते. आता उरले होते लॉगिनचे आणि मोठ्या साठवणीचे. ते बंद केले, की हॉस्टेलमधल्या मुलांचा ईमेल आणि प्रयोगशाळांचे इशारे दोन्ही थांबणार. तो निर्णय माझ्या अखत्यारीत नव्हता. संचालकांना विचारायलाच हवं होतं.

त्यांचा घरचा नंबर आपत्कालीन यादीत होता. यादी सामायिक फोल्डरमध्ये होती. आणि ते फोल्डर ज्या सर्व्हरवर होतं, तो 'कमी महत्त्वाचा' म्हणून शनिवारी दुपारी मीच बंद केला होता.

आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. संचालकांचा मोबाइल लागत नव्हता. दुसऱ्या कुणाकडे घरचा नंबर नव्हता. शेवटी एक सहकारी गुडघाभर पाण्यातून कॅम्पस पोलिसांच्या चौकीत गेला. तिथे भिंतीवर चार वर्षांपूर्वीची छापील यादी चिकटवलेली होती. तिच्यात आधीच्या, निवृत्त झालेल्या संचालकांचा नंबर मिळाला. पहाटे चारला त्यांना उठवलं. त्यांच्याकडे नव्या साहेबांच्या घरचा नंबर होता. "बंद करा," एवढंच उत्तर मिळवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. तोवर तापमान ३९ झालं होतं आणि साठवणीच्या एका कपाटातल्या डिस्क बसल्या होत्या.

पाऊस थांबल्यावर खरं काम सुरू होतं. बंद करायला जशी एक क्रमवारी असते, तशी सुरू करायलाही असते. आधी वीज आणि एसी, मग नेटवर्क, मग लॉगिन, मग साठवण, मग डेटाबेस आणि सगळ्यात शेवटी ईमेल, अभ्यासक्रम, फी. मधली एक पायरी गाळली तर पुढची चालत नाही. पण त्या काळात प्रत्येक विभागाचा एकच आग्रह असतो, "आधी आमचं सुरू करा." म्हणून ही क्रमवारी जूनमध्ये, सगळे शांत असताना ठरवून सह्या घ्यायच्या असतात. ऑगस्टमध्ये ठरवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी होतं.

वर्ग आठवड्याभराने भरले. कितीतरी मुलांच्या घरात पाणी शिरलं होतं, काहींचे लॅपटॉप गेले होते. आम्ही जुने लॅपटॉप पुसून, तपासून उसने दिले. पार्किंगमध्येही वाय-फाय पोचेल अशी सोय केली, कारण काही मुलं गाडीत बसून अभ्यास करत होती.

पण मला आठवते ती एक पीएचडीची विद्यार्थिनी. तिची मोजमापं त्या बसलेल्या डिस्कवर होती. मी तिला छातीठोकपणे सांगितलं, "काळजी करू नकोस, बॅकअप आहे." बॅकअप होता. फक्त तो परत उतरवून बघायचं काम आम्ही कधी केलं नव्हतं. उतरवायला अकरा दिवस लागले आणि शेवटच्या सहा आठवड्यांच्या फाइली उघडल्याच नाहीत. मध्यंतरी एक फोल्डर हलवलं गेलं होतं आणि बॅकअपमध्ये नवीन जागेची नोंद झाली नव्हती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे पुन्हा मोजायचं." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आम्ही बरंच बदललं. ह्यूस्टनच्या वैद्यकीय संकुलाचं उदाहरण समोर होतंच. जून २००१ मध्ये ॲलिसन नावाच्या वादळात तिथली तळघरं बुडाली होती, वीज गेली होती आणि संशोधनासाठी ठेवलेले हजारो प्राणी मेले होते. तेव्हा शहाणे होऊन त्यांनी पुराचं पाणी अडवणारी भक्कम दारं बसवली. हार्वीत ती कामी आली. आमची दारं तेवढी भारी नव्हती. आम्ही एक छापील यादी केली. प्लॅस्टिकमध्ये बंद करून प्रत्येकाच्या घरी, गाडीत आणि सर्व्हर रूमच्या दारावर लावली. दर १ जूनला प्रत्येक नंबर फिरवून बघायचा आणि कुठलाही एक बॅकअप खरोखर परत उतरवायचा, असा नियमही केला.

८ जुलै २०२४ला बेरिल वादळ आलं. तेव्हा ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले. आमच्या विभागात मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सर्व्हर वेळेत बंद झाले, क्रमाने सुरू झाले, एक फाइलही गेली नाही. शाबासकी मिळाली. मी घरी फोन करून बाबांना बढाई मारली. ते म्हणाले, "वा! आमच्याकडे नुसता उकाडा आहे."

त्यानंतर सात आठवड्यांनी, जन्माष्टमीच्या दिवशी, बडोद्यात पाऊस सुरू झाला तो थांबेचना. पुढचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही ते भोगलं आहे. आजव्याचं पाणी, विश्वामित्रीचा पूर, घराघरांत चिखल, सोसायट्यांमध्ये मगरी. मंगळवारी रात्री बाबांशी बोलणं झालं तेव्हा पाणी ओट्यावर आलं होतं. आई ७१ वर्षांची, तिला दोन वेळा इन्सुलिन लागतं आणि ते फ्रीजमध्ये. "वीज गेली आहे, मोबाइल जरा जपून..." इतकं बोलून फोन बंद झाला.

मग मी शेजाऱ्यांना फोन लावायला घेतला, आणि लक्षात आलं की माझ्याकडे एकाही शेजाऱ्याचा नंबर नाही. पुण्याच्या बहिणीकडेही नव्हता. ज्या शेजारच्या बेन गेली वीस वर्षं आमच्याकडे लोणच्याची बरणी पाठवतात, त्यांचाही नाही. सगळे नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये होते आणि बाबांचा मोबाइल पाण्याने वेढलेल्या, अंधाऱ्या घरात बंद पडला होता. सात वर्षांपूर्वी केलेली चूकच मी पुन्हा केली होती. या वेळी ती आईबाबांच्या बाबतीत होती.

एकोणीस तास काहीच कळलं नाही. शेवटी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. एका मैत्रिणीचा भाऊ जवळच राहतो, तो कमरेएवढ्या पाण्यातून गेला आणि त्याने फोटो पाठवला. आईबाबा शेजारच्या बेनच्या वरच्या मजल्यावर खिचडी खात बसले होते. इन्सुलिनच्या बाटल्या त्या बेननी पिशवीत घालून कोऱ्या मडक्यात ठेवल्या होत्या आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं होतं. कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर फ्रीज गेला, गाद्या गेल्या. घराची कागदपत्रं वरच्या कप्प्यात होती म्हणून वाचली. खालच्या कप्प्यात मात्र आजोबा-आजींचा एकमेव फोटो होता. बाबांनी चिकटलेला आल्बम पंख्याखाली वाळवला, हलक्या हाताने पानं सोडवली. पण फोटोचा रंग समोरच्या पानाला लागला होता. रोज लाखो फाइलींच्या प्रती काढणाऱ्या मला त्या एका फोटोची प्रत काढायचं कधी सुचलं नाही.

त्या दिवाळीत मी बडोद्याला आले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावला. त्यावर मोठ्या अक्षरांत सात नंबर आहेत: दोन शेजारी, डॉक्टर, औषधवाला, मैत्रिणीचा भाऊ, बहीण आणि मी. तसाच एक कागद माझ्या आणि बहिणीच्या घरी आहे. उरलेल्या सगळ्या आल्बमांचे फोटो काढून तिघांकडे ठेवले आहेत. तुमचे आईबाबा बडोद्यात आणि तुम्ही दुसरीकडे असाल, तर हे काम एका रविवारचं आहे.

१ जून २०२५ला बाबांना म्हटलं, "आज सातही नंबर फिरवून बघा." ते म्हणाले, "हे काय तुमचं ऑफिस आहे?" पण तासाभराने त्यांचाच फोन आला. औषधवाल्याचा नंबर बदलला होता, तो त्यांनी खोडून नवा लिहिला होता. बाकी सगळे लागले. शेजारच्या बेननी तर भिंतीपलीकडून फोन उचलला आणि म्हणाल्या, "फोन शाना माटे? चा पीवा आवो ने!" म्हणून तासभर लागला.