गेलेली गाडी

अब्बांची मोटारसायकल चोरीला गेली ती २००९ च्या रमजानमध्ये, लातूरला. भाईजान तेव्हा तिथे एका दुकानात कामाला होते. नांदेडची एमएच-२६ ची ती गाडी लातूरच्या एमएच-२४ च्या गर्दीत फिरत असे. त्या दिवशी भाईजान खजूर घ्यायला गंजगोलाईत थांबले. हँडल लॉक लावले होते. पाच मिनिटांत परतले तर गाडी नव्हती. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. चोराला त्यांतला एक पुरेसा होता.

आम्ही नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहतो. फोन आला तेव्हा अम्मी इफ्तारची तयारी करीत होती. राहिलेले हप्ते आठवून ती मटकन खाली बसली. अब्बांनी मात्र कपाटातून कागदांची पिशवी काढली आणि चेसिस नंबर एका कागदावर उतरवून घेतला. म्हणाले, “गाडी गई सो गई. अब किधर जाको खडी रहेगी, उसका डर है.”

आम्हाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. आदल्या रमजानमध्ये, २९ सप्टेंबर २००८ रोजी, मालेगावात मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बने सहा जणांचा जीव घेतला होता. ती गाडी कोणाची, याचीच चर्चा वर्षभर वर्तमानपत्रांत चालू होती. आपली गाडी उद्या कुठे उभी केली जाईल आणि त्या नंबरावरून कोण आपल्या दारात येईल, या विचाराने त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नाही.

सहेरी करून अब्बा पहिल्या एसटीने लातूरला गेले. ठाण्यात आधी ‘आणखी दोन दिवस शोधा’ असे ऐकावे लागले. अब्बा रोजाच्या तोंडाने बाकावर बसून राहिले. “साहेब, गाडी नाही मिळाली तरी चालेल. पण कालपासून ती माझ्याजवळ नाही, एवढे लिहून घ्या.” सायंकाळी गुन्हा नोंदला गेला आणि प्रत हातात पडली. फिर्यादीला ही प्रत विनामूल्य मिळते, हेही आम्हाला त्याच दिवशी कळले. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. त्यात दुसऱ्याचे नुकसान भरून निघते, आपली चोरी नाही. एक रुपया मिळाला नाही.

पण खरा धडा वेगळाच होता. आपल्याकडे जुनी गाडी विकताना फॉर्मवर सह्या करून मोकळे होतात. गाडी चार हातांतून फिरते, नाव पहिल्याचेच राहते. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे चोर नसतानाही आपण आपले नाव परक्याच्या हाती देऊन बसतो.

मालेगाव खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ रोजी लागला. सातही आरोपी निर्दोष सुटले. त्या मोटारसायकलचा चेसिस नंबर पूर्ण मिळाला नव्हता, मालकी सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने म्हटले. बातमी वाचताना आम्हाला अब्बांनी उतरवून घेतलेला तो नंबर आठवला.

आता आमच्या अंगणात भाच्याची स्कूटर असते. तिच्या पाटीवर होलोग्राम आहे, नंबर लेझरने कोरलेला आहे, पाटी एकदा काढली की पुन्हा बसत नाही. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली, नंतर जुन्यांनाही. चाकाला डिस्क लॉक असते. भाचा कंटाळतो, पण लावतो.

अब्बांची गाडी मिळाली नाही. अब्बाही आता नाहीत. फिर्यादीची प्रत मात्र त्याच पिशवीत आहे. घडीवर फाटत चालली म्हणून परवा आम्ही तिला चिकटपट्टी लावली.