शक्यतो

अध्यापक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींकडे गेली काही वर्षे एक जोडकाम येते. शिक्षणविषयक कायदे, शालेय प्रशासन आणि अभ्यासक्रमाची मूलतत्त्वे हा भाग शिकवायला कोणी फारसे उत्सुक नसते. मग ‘भाषेच्या माणसाला काय, काहीही वाचता येते’ असे म्हणत तो आमच्याकडे सरकवला जातो. म्हणण्यात खोच असली, तरी ते खोटे नाही. कायदा हा अखेर मजकूरच, आणि मजकूर वाचणे हाच आमचा व्यवसाय.

विद्यार्थी येतात ते मार्गदर्शिका पाठ करून. कलम १२ म्हणजे पंचवीस टक्के प्रवेश, १६ म्हणजे नापास नाही, १७ म्हणजे छडी नाही, २७ म्हणजे अशैक्षणिक कामे. प्रत्येक कलमाला एक शब्द बांधून टाकलेला. आम्ही ती पुस्तिका बाजूला ठेवायला सांगतो आणि क्रियापदांपासून सुरुवात करतो. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात राज्याने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा ‘प्रयत्न’ करावयाचा होता. १९६० साल आले आणि गेले. प्रयत्नाचा भंग झाला असे कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार? १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मूलभूत मानला, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आला, आणि तेथे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण राज्य ‘देईल’, असे बंधन उमटले. एका क्रियापदाच्या बदलाला बावन्न वर्षे लागली. त्यानंतरचा शिक्षणहक्क अधिनियम २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून.

कायदा न वाचता त्याविषयी बोलण्याची आपली हातोटी कलम १६ च्या बाबतीत विशेष दिसली. ‘आठवीपर्यंत परीक्षाच नाहीत’ हे वाक्य शिक्षक-कक्षापासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र ऐकू येत होते. मूळ कलमात बंदी होती ती मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवण्यावर व शाळेतून काढून टाकण्यावर. कलम ३० ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मंडळाच्या परीक्षेची अट नको म्हटले. ‘मंडळाच्या’ हे विशेषण तेथे ठसठशीत आहे. आणि कलम २९ तर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन मागत होते, म्हणजे नेहमीपेक्षा अधिकच. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला नियमित परीक्षा, अनुत्तीर्णांना जादा मार्गदर्शन व दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही अपयश आले तर थांबवून ठेवण्याची मुभा राज्यांना दिली; महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. शाळेतून काढण्यावरील बंदी मात्र कायम आहे. दरम्यान नऊ वर्षे आपण कायद्यात नसलेल्या एका वाक्यावर वाद घातला. असो.

आम्हांला ज्या शब्दापाशी दर वर्षी थांबावे लागते, तो कलम २९ मध्ये आहे. अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरवताना काय लक्षात घ्यावे याची तेथे यादी आहे: संविधानातील मूल्ये, मुलाचा सर्वांगीण विकास, भयमुक्ती, इत्यादी. त्यातच म्हटले आहे की, शिक्षणाचे माध्यम शक्यतो बालकाची मातृभाषा असावी. यादीतील इतर अपेक्षांना अशी पळवाट नाही. मुलाला शक्यतो भयमुक्त ठेवावे, असे कोणी लिहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या वा स्थानिक भाषेतून शिकवावे या शिफारशीआधी ‘जेथे शक्य असेल तेथे’ आहेच.

हा शब्द शिकवताना वर्गात सहसा मराठीची बाजू लढवली जाते. २०२० चा मराठी अध्यापन सक्तीचा कायदा निघतो. २०२५ च्या एप्रिल व जूनमधील हिंदीविषयीचे शासननिर्णय आणि २९ जूनची त्यांची माघार यांवर आवाज चढतात. ती लढाई आम्हांलाही आपली वाटते. पण एका वर्षी मागच्या बाकावरच्या, मेळघाटातून आलेल्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, बालकाची म्हणजे कोणत्या बालकाची? आमच्या घरी कोरकू बोलतात.” वर्गात काही जण हसले. तो हसला नाही.

मराठी शाळा म्हणजे मातृभाषेची शाळा, हे समीकरण आम्हां साहित्यवाल्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, धारणी-चिखलदऱ्यातल्या पहिलीतल्या मुलाला मराठी ही तितकीच परकी आहे, हे ध्यानीच येत नाही. कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची नातलग. मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. तिथे लिंगभेदापेक्षा सजीव-निर्जीव हा भेद महत्त्वाचा आणि एकवचन-अनेकवचनांच्या जोडीला द्विवचनही आहे. त्या मुलाला ‘तो फळा, ती पाटी, ते पुस्तक’ म्हणजे तीन निष्कारण कोडी. त्याने ‘ती फळा’ म्हटले की, वहीत शेरा पडतो: भाषा अशुद्ध. उलट ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद कोरकूतही आहे, मराठीतही. हिंदी-इंग्रजीला तो इतक्या ठामपणे साधत नाही. मराठीच्या शिक्षकाला हे ठाऊक असते, तर पहिला धडा या सर्वनामांपासून सुरू झाला असता.

मग ‘शक्य’ काय, हे ठरवायचे कोणी? कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये सांगितले की, मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवायचे आणि राज्याला माध्यम लादता येणार नाही. त्या निकालाचा लाभ इंग्रजी शाळांना झाला, हे उघडच आहे. पण पालकाचा शब्द प्रमाण मानायचा, तर कोरकू पालकाचाही मानावा लागेल. त्यासाठी कायद्यातच जागा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कलम २१ नुसार किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व. हीच समिती कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करते, आणि शासनाच्या योजना व अनुदाने त्यावर आधारलेली असावीत, असे कायदा म्हणतो. खिचडीचा तांदूळ आणि गळके छप्पर यांच्यापुढे या समितीची चर्चा सहसा जात नाही. इतिवृत्त मराठीत आधीच लिहून तयार असते. आयांनी अंगठा उठवायचा.

मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी आता आपल्याच तालुक्यात शिक्षक आहे. गेल्या वर्षी त्याने समितीच्या सभेत कलम २९ कोरकूत समजावून सांगितले आणि आराखड्यात एक ओळ घालून घेतली: पहिली-दुसरीसाठी कोरकू-मराठी चित्रशब्दसंग्रह व गावातील एका कोरकूभाषक मदतनीसाचे मानधन. त्या ओळीचे छायाचित्र त्याने आम्हांला पाठवले. वरच्या कार्यालयातून आराखडा परत आला तेव्हा त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिले होते, ‘तूर्त शक्य नाही.’ यंदा त्याने तीच ओळ पुन्हा घातली आहे, आणि खाली सभेला आलेल्या अकरा आयांची नावे लिहिली आहेत, अंगठ्यांसह.